महाविद्यालयीन विद्यार्थी आणि मोबाईलचा अतिवापर

बारावीचा निकाल लागला आणि प्रवेशाचे सोपस्कार आटोपले की राज्यातील हजारो मुलेमुली आपले गाव सोडून जिल्ह्याच्या किंवा विद्यापीठाच्या ठिकाणी शिकावयास येतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. वळकटी, ट्रंक आणि घरून दिलेला चिवड्या-लाडवांचा डबा यांच्या जोडीला आता आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे मोबाईल. पुष्कळदा तो वडिलांनी हप्त्याने घेऊन दिलेला असतो, आणि घरातील महागड्या वस्तूंपैकी तो एक असतो.

या वस्तूवाचून आजच्या विद्यार्थ्याचे चालत नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाची माहिती, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल हे सारे आता मोबाईलवरूनच पाहिले जाते. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, तेव्हा कित्येकांचा वर्ग या लहानशा पडद्यावरच भरत होता. 'स्वयम्' या केंद्र शासनाच्या मंचावरील अभ्यासक्रम खेड्यातील विद्यार्थ्यालाही २०१७ पासून उपलब्ध आहेत. सायंकाळच्या एस.टी.ने गावी परतणाऱ्या मुलीच्या दृष्टीने तर मोबाईल हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. तेव्हा 'मोबाईल टाकून द्या' हा उपदेश कोणी करू नये. केला तरी कोणी ऐकणार नाही.

तरीही प्राध्यापक, वसतिगृहांचे अधीक्षक आणि पालक यांची एक तक्रार वारंवार कानी येते. मुलगा पुस्तक उघडून बसतो, तीन-तीन तास जागचा हलत नाही, आणि तरी प्रथम वर्षाच्या चार विषयांत एटीकेटी लागते. मुलगा आळशी नाही, बुद्धीनेही कमी नाही. मग ते तीन तास गेले कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न गेल्या पंधरा-वीस वर्षांत निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी केला आहे. त्यातून हाती आलेली माहिती विद्यार्थ्यांना व पालकांना उपयोगी पडेल, म्हणून ती येथे मांडीत आहे.

स्वस्ताईचा परिणाम

आपल्या देशात हा प्रश्न एवढ्या त्वरेने का उभा राहिला, हे समजण्यास दोन आकडे पुरेसे आहेत. २०१४ साली एक गिगाबाईट माहिती मोबाईलवर घेण्यासाठी सरासरी सुमारे २६९ रुपये पडत असत. २०२४ मध्ये हा दर ९ रुपयांच्या आसपास आला. याच दहा वर्षांत एका ग्राहकाचा महिन्याचा सरासरी वापर सुमारे ६२ मेगाबाईटवरून २० गिगाबाईटच्या वर गेला. म्हणजे वापर तीनशे पटींहून अधिक वाढला. या स्वस्ताईमुळे ज्ञानाची दारे गरिबालाही खुली झाली, यात शंका नाही. परंतु पूर्वी पैसे संपले की वापर आपोआप थांबत असे. तो बाहेरचा लगाम नाहीसा झाला आणि थांबण्याची सर्व जबाबदारी सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या निग्रहावर येऊन पडली.

त्या निग्रहाला आव्हान देण्याची व्यवस्थाही मोबाईलमध्येच केलेली असते. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे पान संपते, आणि तेथे वाचक क्षणभर थांबून 'आता पुरे' असे म्हणू शकतो. मोबाईलवरील चित्रफितींना व संदेशांना असा शेवट नसतो. बोट वर सरकविले की पुढचा मजकूर पुढे येतो. न संपणाऱ्या पानाची ही युक्ती एझा रॅस्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ मध्ये काढली. तिच्या परिणामांविषयी पुढे त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. दाणा प्रत्येक वेळी न मिळता कधी मिळतो, कधी मिळत नाही, अशी योजना केली, की कबुतर कळीवर अधिक चिकाटीने चोच मारीत राहते. मोबाईल उघडला की कधी मित्राचा निरोप असतो, कधी काहीच नसते. म्हणूनच तो पुन्हापुन्हा उघडावासा वाटतो. विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी हे ध्यानी घेतलेले बरे.

तीन तासांचा हिशेब

आता त्या तीन तासांकडे वळू. लॅरी रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात शालेय व विद्यापीठीय मिळून २६३ विद्यार्थ्यांचे, ते नेहमीच्या जागी अभ्यास करीत असताना, पंधरा मिनिटे निरीक्षण करण्यात आले. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे विद्यार्थ्यांना माहीत होते, आणि तरीही सरासरी सहा मिनिटेसुद्धा न होता त्यांचे लक्ष दुसरीकडे वळत होते. वळण्याची कारणे बहुतांशी यंत्रांतूनच आलेली होती.

कोणी म्हणेल, सहा मिनिटांनी अर्धे मिनिट मोबाईल पाहिला, तर बिघडले काय? तासाला पाच मिनिटे गेली, एवढेच. हिशेब असा सरळ असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. संख्याशास्त्राचे एखादे उदाहरण सोडविताना विद्यार्थ्याला चार-पाच गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवाव्या लागतात. काय दिले आहे, काय काढावयाचे आहे, कोणते सूत्र लावले आणि मागील पायरीत काय उत्तर आले, हे सारे एकत्र असावे लागते. मनाची ही तात्पुरती साठवण फार मर्यादित असते. मध्येच संदेश वाचला की तीतील मजकूर सांडतो. विहिरीतून पाणी शेंदताना दोर अर्ध्यावर सुटावा, तसा हा प्रकार आहे. दोर सुटावयास क्षण पुरतो, पण बादली पुन्हा तळापासून ओढावी लागते.

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एक काम अपुरे टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला, तरी त्याच्या अवधानाचा काही अंश पहिल्या कामातच रेंगाळत राहतो. मित्राचा निरोप वाचला आणि उत्तर न देता मोबाईल पालथा ठेवला, तरी 'काय उत्तर द्यावे' हा विचार पुस्तकाच्या पानावर येऊन बसतो. लक्ष विचलित झाल्यानंतर विद्यार्थ्याला पुन्हा एकाग्र होण्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नमूद केले आहे. दर सहा मिनिटांनी लक्ष वळत असेल, तर एकाग्रतेची ती अवस्था संपूर्ण सायंकाळभर एकदाही न येण्याचा संभव आहे. आपला विद्यार्थी तीन तास बसला होता हे खरे, पण त्याचा अभ्यास प्रत्येक वेळी आरंभाशीच अडखळत होता.

'मला दोन्ही कामे एकदम जमतात' असे अनेक तरुण अभिमानाने सांगतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात अशा मंडळींची परीक्षा घेण्यात आली. एकाच वेळी अनेक माध्यमे हाताळण्याची ज्यांना अधिक सवय होती, ते अनावश्यक गोष्टी बाजूला सारण्यात आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातही इतरांपेक्षा मागे पडले.

मोबाईल मूक ठेवला किंवा बंद केला तरी तो टेबलावर असावा की नसावा? टेक्सास विद्यापीठातील एड्रियन वॉर्ड व सहकारी यांनी २०१७ मध्ये या प्रश्नाचा विचार केला. काही विद्यार्थ्यांचे मोबाईल टेबलावर, काहींचे खिशात किंवा पिशवीत, तर काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवून सर्वांना तीच बौद्धिक कामे दिली. मोबाईल दुसऱ्या खोलीत असणाऱ्यांची कामगिरी टेबलावर असणाऱ्यांहून चांगली ठरली. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा प्रत्येक वेळी तोच निष्कर्ष आला नाही, हेही सांगणे योग्य होईल. मोबाईल वाजला नाही तरी नुसत्या सान्निध्यानेच बुद्धी मंदावते, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे आहे. परंतु दुसऱ्या खोलीतील मोबाईल पाहण्यासाठी उठून जावे लागते, आणि तेवढ्या अवकाशात मन भानावर येते, याला प्रयोगाची गरज नाही.

गटावर आलेल्या नोट्स

एका वेगळ्याच नुकसानीची चर्चा फारशी होत नाही. हल्ली वर्गाचा एखादा गट मोबाईलवर असतो आणि त्यावर नोट्सच्या पीडीएफ प्रती, मागील प्रश्नपत्रिका, व्याख्यानांच्या चित्रफिती यांचा पाऊस पडत असतो. विद्यार्थी त्या साठवून ठेवतो. साठविल्याने आपण काहीतरी अभ्यास केला, असे समाधान त्याला वाटते. चित्रफीत पाहताना सर्व समजत असल्याचा भास होतो. परीक्षागृहात कोरा कागद समोर आला म्हणजे मात्र दोन ओळींपुढे लेखणी सरकत नाही.

याचे कारण स्मृतीच्या स्वभावात आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने दिलेला उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्यांदा वाचला आणि नंतर प्रत्येक वेळी न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर स्मरत होता. विद्यापीठाची परीक्षा पाच मिनिटांनी नव्हे, काही महिन्यांनी असते. आमच्या पिढीचे शिक्षक 'पाटी पुसून पुन्हा लिही' असे सांगत, त्यामागील शहाणपण या प्रयोगाने आकड्यांत दाखविले आहे. मोबाईल आपल्याला पाहण्याची सोय अमर्याद देतो, पण आठवण्याचे कष्ट ज्याचे त्यालाच करावे लागतात.

वाचनाचेही तसेच आहे. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर वाचला असता अधिक चांगला समजतो, आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे त्यात आढळले. सर्वच नोट्स छापून घेणे गरीब विद्यार्थ्याला परवडणारे नाही. अशा वेळी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील क्रमिक पुस्तकांची आठवण करून द्यावीशी वाटते. परीक्षेचा काळ सोडला, तर ती पुस्तके हल्ली कपाटातच असतात.

झोपेचा विषय थोडक्यात आटोपतो. प्रकाश देणाऱ्या पडद्यावर रात्री वाचल्याने झोप येण्यास सरासरी दहा मिनिटे अधिक लागली, असे हार्वर्डशी संबंधित संशोधकांच्या एका लहानशा प्रयोगात दिसले. बारा माणसांवरचा हा प्रयोग आणि दहा मिनिटांचा हा फरक काही मोठा नव्हे. आपल्या वसतिगृहांतील खरा प्रश्न प्रकाशाचा नसून घड्याळाचा आहे. रात्री साडेअकराला अंथरुणात हाती घेतलेला मोबाईल दीड वाजता खाली ठेवला जातो, आणि सकाळी आठच्या तासाला विद्यार्थी देहाने तेवढा हजर असतो.

कारण कोणते, परिणाम कोणता?

एखादा चिकित्सक वाचक येथे शंका घेईल, आणि ती रास्त आहे. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठात सुमारे ५०० विद्यार्थ्यांचा अभ्यास होऊन त्याचे निष्कर्ष २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मोबाईलचा वापर जितका अधिक, तितकी श्रेणी कमी आणि चिंता जास्त, असे त्यात दिसले. यावरून मोबाईलमुळेच श्रेणी घसरली असे म्हणता येईल काय? अभ्यासात आधीच मागे पडलेला, नव्या शहरात एकटा पडलेला विद्यार्थी मोबाईलमध्ये विरंगुळा शोधीत असेल, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. शिवाय आपण किती वेळ मोबाईल वापरतो हे विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितलेले होते, आणि हा अंदाज बहुधा चुकतो. ज्यांना याची प्रचीती घ्यावयाची असेल त्यांनी आपला कालचा वापर किती तास झाला हे आधी कागदावर लिहावे, आणि मग मोबाईलच्या 'सेटिंग्ज'मध्ये असलेली नोंद उघडून पाहावी.

ही शंका दूर करणारा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला आहे, ही समाधानाची बाब होय. भारतातील उच्च शिक्षणाच्या दहा संस्थांमधील जवळजवळ १७,००० विद्यार्थ्यांवर हा प्रयोग करण्यात आला, आणि त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये पुढे आले. त्यात जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील एका अर्थशास्त्रज्ञाचाही सहभाग होता. कोणत्या विद्यार्थ्यांनी वर्गात मोबाईल जमा करावयाचे आणि कोणी स्वतःजवळ ठेवावयाचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवडले होते. त्यामुळे हुशार विद्यार्थी एका बाजूला आणि इतर दुसऱ्या बाजूला, असा प्रकार संभवत नव्हता. ज्यांचे मोबाईल जमा होत, त्यांचे गुण वाढले. सरासरी वाढ मोठी नव्हती. संख्याशास्त्राच्या भाषेत ती प्रमाण विचलनाच्या ०.०८६ एवढी होती. परंतु ती सर्वांमध्ये सारखी नव्हती. अभ्यासात मागे असलेले, प्रथम वर्षाचे, आणि विज्ञान-अभियांत्रिकीव्यतिरिक्त इतर शाखांचे विद्यार्थी यांना अधिक लाभ झाला. अचानक भेटी देऊन वर्गांची पाहणी केली असता तेथे कुजबुज व गडबड कमी आढळली, आणि शिक्षकही अधिक मन लावून शिकविताना दिसले. बंदीचा अनुभव घेतलेले विद्यार्थी अशा निर्बंधांच्या बाजूने अधिक झुकले होते, ही गोष्ट तर मोठी बोलकी आहे.

हुशार विद्यार्थी मोबाईल जवळ असूनही कसाबसा तरून जातो. ज्याला घरी विचारावयास कोणी नाही, ज्याचे माध्यम बदललेले आहे, आणि वर्गात सांगितले तेवढेच ज्याचे भांडवल आहे, त्याला त्या पन्नास मिनिटांतील पाच मिनिटे गमावणेही परवडत नाही. प्रथम वर्षात विषय राहिले की पुढचा प्रवेश अडचणीत येतो, शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा प्रश्न उभा राहतो, आणि मुलीच्या बाबतीत तर 'पुरे झाले शिक्षण' असे म्हणणारे नातेवाईक वाटच पाहत असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयाचे खरे महत्त्व येथेच आहे. त्यामानाने संस्कृती बिघडल्याची नेहमीची ओरड दुय्यम आहे.

व्यसन की सवय?

'मोबाईलचे व्यसन' हा शब्दप्रयोग सर्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, खेळांच्या अनावर नादाला विकार म्हणून स्थान मिळाले आहे. मोबाईलच्या अतिवापराला मात्र तसे स्वतंत्र स्थान नाही. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही सवय आहे, आणि सवय बदलता येते. मात्र जेवण, झोप, वर्ग, मित्र हे सारे सुटत चालले असेल, मोबाईल काढून घेताच मुलगा अनावर होत असेल, तर वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे 'निमहान्स'मध्ये, अशा रुग्णांसाठी २०१४ पासून विशेष उपचारकेंद्र आहे. 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

करता येण्याजोगे

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये गावसभेत ठराव करून एक उपक्रम सुरू केला. सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवावयाचे. टाळेबंदीनंतर मुलांची अभ्यासाची बैठक मोडली, हे शिक्षकांच्या ध्यानी आल्यावरून हे पाऊल उचलले गेले. आरंभी आशा सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण करून देत. या उपक्रमातील ग्राह्य भाग असा की वेळ ठरलेली आहे, ती थोडी आहे, आणि ती सर्वांना सारखी लागू आहे. मुलाला अभ्यासाला बसवून वडील शेजारी चित्रफीत पाहत आहेत, असे तेथे होत नाही.

गावातील मुलांसाठी केलेली ही योजना वसतिगृहात जशीच्या तशी लागू होणार नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी सज्ञान असतो. त्याच्यावर भोंग्याने नियम लादणे कठीण आहे आणि योग्यही नाही. परंतु वसतिगृहाच्या विद्यार्थी समितीने रात्री आठ ते दहा ही वेळ स्वतःहून ठरविली, अभ्यासिकेच्या दाराशी कप्प्यांचे एक लाकडी कपाट ठेवले आणि ज्याने त्याने आपला मोबाईल त्यात ठेवून आत जावे असे केले, तर त्याला फारसा खर्च येत नाही. कमवा व शिका योजनेत काम करणाऱ्या किंवा घरी आजारी माणूस असलेल्या विद्यार्थ्याला सवलत असावी. वर्गातही याच प्रकारची सोय करता येईल, आणि आपल्याकडील प्रयोग पाहता तिचा आरंभ प्रथम वर्षापासून व्हावा. शिक्षकांनीही आपला मोबाईल त्याच कपाटात ठेवावा, हे वेगळे सांगावयास नको. तातडीचा निरोप घेण्यासाठी कार्यालयातील दूरध्वनी आहेच.

एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने चाळीस-पन्नास मिनिटांची बैठक ठरवावी आणि तेवढा वेळ मोबाईल खोलीबाहेर किंवा खोलीतील सोबत्याच्या स्वाधीन करावा. वेळ पाहण्यासाठी साधे घड्याळ वापरावे, कारण 'किती वाजले' हे पाहावयास उघडलेला मोबाईल सहसा लवकर मिटत नाही. बैठक संपताच पुस्तक मिटून, काय वाचले ते एका पानावर आठवून लिहावे. सकाळी उठण्याचा गजर मोबाईलवर लावण्याऐवजी गजराचे घड्याळ घेतले, म्हणजे रात्री तो उशाशी ठेवण्याचे निमित्तही उरत नाही.

पालकांकडून होणारी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मुलगा नीट राहतो ना, जेवला ना, या काळजीपोटी घरून दिवसाकाठी चार-पाच वेळा फोन येतात, आणि ते बहुधा सायंकाळच्या अभ्यासाच्या वेळीच येतात. मुलाने फोन उचलला नाही तर आई घाबरी होते, म्हणून तो मोबाईल सतत जवळ बाळगतो, आणि मग तो केवळ आईच्या फोनापुरता जवळ राहत नाही. मुलगा वसतिगृहात दाखल होतो त्याच दिवशी फोनची एक वेळ ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ रात्रीच्या जेवणाआधी पावणेआठला, आणि अगदी निकडीच्या प्रसंगी अधीक्षकांचा क्रमांक घरी लिहून ठेवावा.